उलाळ

बसा. ही ट्यूब तेवढी पाण्यात फिरवतो,
बुडबुडा कुठनं येतोय ते कळलं की मोकळा.
हं, काय म्हणालात? गाड्यांचे प्रकार?
घोड्याच्या?

घ्या लिहून.
सारवट. शिग्राम. टमटम. फेटण, ती वकिलांची.
बग्गी संस्थानची; आम्ही तिची धूळच बघितली.
व्हिक्टोरिया मिरजेत एकच, वखारवाल्या शहांकडं,
टप उघडला की कोऱ्या कातड्याचा वास
पार लक्ष्मी मार्केटपर्यंत.
आणि टांगे.
टांगे मोजू नका. पितळी बिल्ल्यांचे तेवढे मोजलेत नगरपालिकेनं.

पण मी पडलो नालबंदाचा पोरगा.
बाप गाडीकडं बघायचाच नाही.
दारात काहीही थांबो, खाली वाकायचा,
घोड्याचा पाय उचलून मांडीत घ्यायचा
आणि झिजल्या नालेवरनं सांगायचा
वर कोण बसतं ते.
मागची टोकं घासलीत, म्हणजे दंडोबाच्या चढाला जातो.
पुढचे दोन्ही गेलेत? मालक स्वतः हाकतो, खाऊनपिऊन आहे.
एकाच अंगानं झिज असली
की नाल बाजूला टाकून हळूच म्हणायचा,
‘दारू कमी कर रे, घोडं वाकडं चालतंय.’

टांगा म्हणजे तराजू, साहेब.
दोन चाकं, मधे कणा,
बाकी सगळी माणसांची वाटणी.
मागं वजन झालं की दांड्या आभाळाकडं,
पोटपट्टा घोड्याच्या पोटात रुततो,
पुढचे पाय रस्ता शोधत राहतात.
त्याला म्हणायचं उलाळ.
तुमच्या वहीत आहे का हा शब्द?

मी अकरा वर्षांचा. रात्रीची गाडी.
अथणीकडचा सातप्पा, बायकोला घेऊन दवाखान्याला आलेला.
नीलव्वा. पोट हे एवढं, आणि बाळंतपण नव्हे.
तिला बसवेना. मागच्या बाकावर आडवी केली,
उशाला सातप्पा, पायथ्याशी तिची आई,
आणि दस्तगीरचा टांगा झाला उलाळ.
चार चाकांची शिग्राम बरी पडली असती,
पण ती काय भाड्यानं मिळते?
दस्तगीरनं पुढं मला बसवलं.
दांड्या हलल्यासुद्धा नाहीत.
मग बापानं दुकानातली ऐरण आणली, वीस शेराची,
आणि ठेवली माझ्या मांडीवर.

स्टेशन ते दवाखाना. चालीनं.
दस्तगीरनं चाबूक पायाखाली दाबून ठेवलेला.
मागनं म्हातारी दर खड्ड्याला ‘निधान, निधान’,
घोड्याला कानडी कळत असावं.
मला नीलव्वा दिसली नाही.
पाठीला पाठ; ती मागं जाणारे दिवे बघत असणार,
मी घोड्याचे कान.
पण ती कण्हली की दांडी किंचित उचलायची
आणि मी ऐरण पोटाशी धरून पुढं वाकायचो.
मांड्या दोन दिवस काळ्यानिळ्या होत्या.

महिन्याभरानं तीच माणसं परत जायला निघाली.
मी ऐरण घेऊन तयार.
नीलव्वा आपल्या पायानं चढली, मागंच बसली.
मी ऐरणीसकट पुढं चढलो, आणि घोडं गुडघ्यात वाकलं.
दस्तगीर ओरडला, ‘उतर, उतर! पुढं ओझं झालं!’
नऊ शेराचा गोळा निघाला होता म्हणे तिच्या पोटातनं.
बाप पायरीशी उभा, एकदा दांड्यांकडं बघतोय, एकदा ऐरणीकडं.
गाडीकडं बघितलेला मी तेव्हाच बघितला त्याला.
मग म्हणाला,
‘ऐरण राहू दे. हातोडा घे. हातोडा पुरे.’

चेहरा? नाही, तेव्हाही नाही.
स्टेशनवर उतरून मागच्या मागं गेली,
हिरवं लुगडं, बास.

आता लग्नाची बग्गी येते माझ्याकडं,
सिंहाची तोंडं, बॅटरीचे दिवे,
चाकं स्कूटरची, म्हणून तर येते.
पंक्चर काढतो. आणि कोणी बघत नसलं
की खाली वाकून घोड्याचा पाय उचलतो, सवयीनं.
रबराचे नाल. काही सांगत नाहीत.

थांबा, हलू नका.
हा बघा आला.
मी आपला सगळीकडं शोधतोय,
आणि हा व्हॉल्वच्या बुडाशी.