दोनशे चाळिसाव्या डावाला

पुन्ता अरेनासला वारा असा सुटतो
की पालिका चौकात दोर बांधून देते, धरून चालायला.
त्या दोराला धरून मी आणि दानित्सा
करमुक्त बाजारात निघालोय.
कॉम्प्युटरची पेटी माझ्या पोटाशी, ब्लँकेटात गुंडाळलेली,
तिच्या पर्समध्ये चार लाख पेसो,
आणि यादी. तीनदा बदललेली.
शेवटची तिच्या अक्षरात आहे.

घरात मशीन एक, आम्ही भावंडं दोन;
ती एकसष्ट, मी अठ्ठावन्न.
सकाळ तिची, रात्र माझी,
दुपार जो आधी जेवून उठेल त्याची.

रात्री मी साम्राज्य चालवतो.
पहिले पन्नास डाव झरझर जातात,
नदी सापडते, गहू पेरतो,
शेजारचा राजा गोड बोलतो.
पण दोनशे चाळिसाव्या डावाला
जगात इतके राजे, इतक्या फौजा,
इतके मोडलेले तह साठलेले असतात
की मी माझी चाल संपवली
की मशीन विचारात पडतं.
चार मिनिटं.
भिंतीवरचं घड्याळ बघून मोजलीत.

दानित्साकडे बाबांच्या निगेटिव्ह आहेत,
बिस्किटांच्या अकरा डब्यांत सोळाशे.
मेंढ्या, कातरणीवाले, बर्फ, पुन्हा मेंढ्या.
बर्फ निळा दिसतो म्हणून ती त्यातला निळा काढते,
छापून येतो तो पिवळा.
"खोटं कोण बोलतंय," ती विचारते,
"पडदा, छापखाना, की बाबा?"

दुकानात एलेउतेरियोने पेटी उघडली
आणि आत मेंढी निघाली.
म्हणजे लोकरच. पंख्याच्या पात्यांत अडकलेली,
दानित्साच्या विणकामाची, नऊ वर्षांची.
त्याने ब्रश फिरवला, हवा मारली,
प्रोसेसरवर तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली.
"गुदमरत होता बिचारा," म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

मग त्याने काउंटरवर हिशोब मांडला:
तुमच्या राजांना एकच कोअर हवा, पण चपळ;
बत्तीस कोअर घेतलेत तरी बाकीचे बसून जांभया देतील.
ग्राफिक्स कार्ड गोळ्या झाडणाऱ्या पोरांना द्या.
बाईंना हवा खरे रंग दाखवणारा पडदा
आणि भरपूर रॅम.
दोन्ही जमणार नाही.
चार लाखांचं अंथरूण, आणि पाय चार.

दानित्सा म्हणाली, प्रोसेसर घे, येर्को.
तुझी झोप जाते त्या वाट बघण्यात.

त्या चार मिनिटांत मी काय करतो
हे मी एलेउतेरियोला सांगितलं नाही.
किटली ठेवायला उठतो.
स्वयंपाकघरात ती जागीच असते, दिवा न लावता.
किटली शिटी देईपर्यंत आम्ही बोलतो,
कुत्र्याला नक्की कुठे पुरलं,
तिने त्या बोटीवरच्या माणसाला नाही का म्हटलं.
दिवसा यातलं काही निघत नाही.
दिवसा फक्त "झालं का तुझं?"

"पडदा द्या," मी म्हणालो. "उरेल त्याची रॅम."
दानित्साने माझ्याकडे असं बघितलं
जणू मी न लढता बंदर सोडून दिलं.

आता चारांची तीन मिनिटं झालीत.
आणि रॅम एवढी की तिचे फोटो उघडायला
माझं साम्राज्य बंद करावं लागत नाही.
माझी चाल संपली की ती खुर्ची मागते,
राजे मागे विचार करत राहतात,
पुढे ती डबा क्रमांक चार उघडते.

काल एका फोटोत तिने सावली उजळली.
जुन्या पडद्यावर तिथे नुसता डांबरासारखा काळोख होता.
गाडीच्या चाकाशी एक पोरगा निघाला,
तोंड चाकाकडे, डोळ्यांवर हात.
"हा तू," ती म्हणाली. "राज्य होतं तुझ्यावर.
मी लोकरीच्या गठ्ठ्यांत लपले होते, अंधार पडेपर्यंत.
तू शोधायला आलाच नाहीस."

मला आठवेना.
किटली शिटी देऊन गप्प झाली.
मागे कुठलातरी राजा तह मोडत होता, नाहीतर करत होता.
"कितीपर्यंत मोजायचं ठरलं होतं?" मी विचारलं.