दोन रात्री, चार माणसं

शिये फाट्याच्या पुढं, हायवेला लागून
मौजनगरी नावाचं पार्क निघालंय.
सत्तावीस घसरगुंड्या, लाटांचा तलाव
आणि एक ड्रॅगन,
जो दर तासाला शिंकतो, रात्रीसुद्धा.
निहारला हे सगळं पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ.

प्रश्न एवढाच, की राहायचं कुठं.

सुकुमारनं वहीत रकाने आखले.
पार्कच्या फाटकातलं रिसॉर्ट: महाग, पण नाश्ता धरून.
ड्रॅगनची शेपटी दिसणारी खोली हवी, तर वर तीनशे.
स्टेशनजवळचं हॉटेल: स्वस्त,
पलंगाखाली काय असेल ते जिनेंद्र जाणे.
देवळाजवळचं यात्री निवास: साडेदहाला दार बंद.
जुईची एकच अट,
तिला दोन उश्या पाहिजेत.

मी म्हणाले, फोन मी करते.

"पहिल्यांदाच येताय व्हय, ताई, कोल्हापूरला?"
पलीकडचा पोरगा गोड होता.
मी उगीचच म्हणाले, हो.

मग त्यानं मला रंकाळा समजावला.
कुठून वळायचं, गाडी कुठं लावायची,
संध्याकाळी गर्दी असती, पोरांचे हात धरा.
मी हं, हं करत ऐकलं.
संध्यामठाच्या बाजूला, बरोबर तिथंच,
माझी एक चप्पल अजून गाळात असेल,
सातवीतली, अंगठा तुटलेली.

"घरगुती हवं असंल तर शुक्रवार पेठेत सोय हाय.
अगदी माहेरासारखं वाटंल बघा."
मी भाडं विचारलं.
माहेरासारखं, एका रात्रीचं, अठराशे.
जीएसटी वेगळा.

शुक्रवार पेठेत आमच्याही दोन खोल्या होत्या, भाड्याच्याच.
आप्पा गेल्यावर मालकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली,
वर फराळाचं ताटही दिलं.
आई अभिनंदनदादाकडं, बंगळूरला,
चौदाव्या मजल्यावर कावळ्याची वाट बघते.
भांडण नाही, वाटणी नाही,
वाटायला होतं काय? एक पाटा, तोही दादाकडं.
फक्त कोल्हापुरात आता
किती दिवस राहणार, असं मला कुणी विचारत नाही.
लॉजवाले सोडून.

सुकुमार समजूतदार आहे. म्हणाला,
पेठेतलंच बघू या का?
नको, पोरांना शेपटी दिसू दे.

रिसॉर्टच्या रजिस्टरात लिहिलं:
कुठून आलात, जालना.
कशासाठी, पर्यटन.
गावात ओळखीचं कोण?
"तेवढं मोकळं ठेवलं तरी चालतंय," काउंटरवरची मुलगी म्हणाली.
मी पेन जरा वेळ हातातच धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला रिक्षा केली.
गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या,
त्याच असाव्यात असं वाटण्याइतक्या काळ्या.
पेल्यात धार वाजली.
मी म्हणाले, "आधी मला द्या की वो मामा, लांब जायचंय. जातो मी."

जातो.
पंधरा वर्षं जालन्यात मी 'जाते' म्हणत होते,
सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केलं होतं.
दूधवाल्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.
"फेस टाकू नगंस," एवढंच म्हणाला.

खोलीत आले तेव्हा निहार आडवातिडवा,
जुई दोन्ही उश्यांवर बसून.
"आई, तुझ्या ओठावर काय आहे? कुठं गेली होतीस?"

"घरला जाऊन आलो," मी म्हणाले.

"आलो?" ती खिदळली. "आई, तू काय मुलगा आहेस?"

तेवढ्यात खिडकीबाहेर सातचा ड्रॅगन शिंकला,
काचा थरथरल्या,
आणि पांघरुणातून, डोळे न उघडता,
सुकुमार म्हणाला,
"सत्य!"