हवाई अंतर

गुणाजीच्या तिकिटावर छापलं होतं,
मुंबई ते चिपी, एक तास दहा मिनिटं.
मी मोबाइलवर आणखी शोधलं:
हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर, जरा इकडेतिकडे.
बाबांना वाचून दाखवलं.
जाळ्याची सुई दातांतून काढून ते म्हणाले,
"म्हणजे विड्यो किती?"

बाबांचा समुद्र विड्यांत मोजलेला.
देवबागहून पलीकडे कोरजई, एक.
निवतीचा खडक, चार, वारा ऐकत असेल तर.
नसेल तर बंडल संपतं, खडक तिथल्या तिथं.
कुडाळच्या डॉक्टरनं विडी तोडली त्याला तीन वर्षं झाली,
तेव्हापासून कुठलीच जागा नक्की किती लांब
हे त्यांना सांगता येत नाही.

चिपीचा माळ तसा आमच्या समोरच, खाडीपल्याड.
विमान उतरतं तेव्हा आमची भांडी वाजतात.
पण गाडीनं जायचं तर तारकर्ली, मग पूल, मग परुळ्याचा घाट,
एवढ्यात माणूस मुंबईला पोचून चहा पितो.

नारळी पुनवेला चार दिवस.
होडीचं गिऱ्हाईक निवतीचं, सकाळपासून पडवीत.
कागदावर माझी सही झालेली,
तिच्याखालची जागा बहारीनहून येणार होती.

अकरा वीसला आवाज आला.
ढग इतका खाली की माडांना शेंडेच नव्हते.
एकदा डोक्यावरून गेला. पुन्हा एकदा.
तिसऱ्यांदा दक्षिणेला वळला
आणि बारीक होत होत भांड्यांतूनही गेला.
बाबा बंदरावर उघड्या डोक्यानं उभे होते.
"गेलो," एवढंच म्हणाले.

गुणाजी नंतर सांगत होता,
ढगाला क्षणभर भोक पडलं.
एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला गढूळ खाडी,
मधे बोटभर वाळू, आपली निळी ताडपत्री,
आणि एक माणूस.
"मी काच ठोठावली गो," म्हणाला,
"शेजारची बाई बघायला लागली."

मोप्याला उतरवलं त्यांना.
बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्यात टॅक्सीचं चाक बसलं.
कोरजईच्या धक्क्यावर आला तेव्हा दिवे लागलेले.

त्याला आणायला बाबा स्वतः गेले,
विकायच्याच होडीनं.
मी नाळेवर बॅटरी धरून बसले होते.
परतताना त्यांनी कनवटीतून एक विडी काढली,
न पेटवता ओठांत धरली.
कोणी काही बोललं नाही, इंजिनच बोलत होतं.
देवबागच्या वाळूला नाळ टेकली
तेव्हा विडी भिजून लगदा झाली होती.
थुंकून म्हणाले, "एकच. अजून एकच."

पडवीत निवतीवाला
तिसरा चहा बशीत ओतत होता.