गाजराची पुंगी

राउमाच्या गोदीत जहाजांचे सांधे जोडणारा
ताइस्तो केटोला.
वय त्रेपन्न, दिवसाला तीस सिगारेटी.
रोजच्या भाज्यांपुढे तो म्हणाला, बटाटा.
"बटाटा भाजीत धरत नाहीत," मी म्हटलं.
"मग रकाना मोकळा सोड."

माझा पांढरा कोट तेव्हा नवा होता,
गाडीच्या डिकीत कॅप्सूलची खोकी.
जी माणसं गाजरं खातात, पाला खातात,
त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो
असं दिसलं होतं कागदावर.
मग गाजरातला रंगच तेवढा काढला
आणि दिला रोज गिळायला, तर?
साधा प्रश्न. मला तर सुंदर वाटला होता.
एकोणतीस हजार पुरुष, सगळे धूर काढणारे.
कुणाच्या पाकिटात रंग, कुणाच्या नुसतंच सोंग,
ते त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.

वर्षातून तीनदा तो यायचा,
धुतलेला शर्ट, नखांत काळं ग्रीस.
रिकामी पाकिटं टेबलावर मांडायचा
पत्त्यांचा डाव उघडावा तशी.
मी मोजायची. एक गोळी शिल्लक नसायची,
औषधालासुद्धा.
मी लिहायची: शंभर टक्के.
मग रक्तदाब. मग खोकला किती, कफ कसा.
मग कुठल्याच रकान्यात न बसणारं काहीबाही:
मुलगा स्वीडनला गेला, पत्र नाही.
वेल्डिंगचा उजेड मिटल्या डोळ्यांतही राहतो.
समुद्र गोठल्यावर मासे काय खात असतील?
भेट पंधरा मिनिटांची.
घड्याळात चाळीस झालेली असायची.

आठ वर्षांनी आकड्यांचं कुलूप निघालं.
रंग खाणाऱ्यांत कॅन्सर कमी नव्हता.
जास्त होता.
शंभराच्या जागी एकशे अठरा.
मी ते वाक्य उभ्यानं वाचलं,
मग बसून वाचलं.
गाजराची पुंगी,
वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.
ही मोडून खायची सोय नव्हती.
ही आधीच खाऊन झाली होती,
रोज एक, सकाळच्या कॉफीबरोबर,
माझ्या हातची.

ताइस्तो पुढच्या हिवाळ्यात गेला. उजवं फुप्फुस.
त्याच्या वाट्याला रंग आला होता.
केर्त्तूनं, त्याच्या बायकोनं,
माझ्याशी बोलणं टाकलं.
दुकानाच्या रांगेत मी मागे दिसले
की ती टोपली तिथंच ठेवून निघून जायची.
मी तिला जाऊ द्यायची.
रागाला बसायला एक खुर्ची लागते,
ती मी होते.

सहा वर्षांनी दारात उभी.
हातात कॉफीचा पत्र्याचा डबा, गंजलेला.
सौनाच्या माळ्यावर सापडला म्हणाली,
सरपणाच्या मागे.
आत कॅप्सूल. शेकडो, हजारो असतील,
वाफेनं मऊ होऊन एकमेकींना चिकटलेल्या,
मधमाश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्यासारख्या.

"एक खाल्ली नाही मेल्यानं,"
ती म्हणाली, आणि मग तो शब्द तिचा तिलाच ऐकू आला.

आम्ही दोघी डब्यात बघत राहिलो.
माझ्या वहीतले ते सगळे शंभर टक्के.
एका माणसाच्या खोट्यानं एकोणतीस हजारांची सरासरी
केसभरही हलत नाही, हे मला माहीत आहे.
सिगारेट तेवढी खरी होती.
ती कुणी मोजून परत मागितली नव्हती.

"मग यायचा कशाला तुझ्याकडे?
बर्फातून, बस पकडून?"
मला उत्तर येत होतं.
मी किटली ठेवली.

"आता मी कुणावर रागवायचं?" केर्त्तू म्हणाली
आणि कोट काढून खुर्चीवर बसली.
जरा वेळानं, न विचारता,
तिनं बाही वर केली,
दंड टेबलावर ठेवला.

मी पट्टा आणला.
एकशे साठ.
खोकला येतो का, विचारलं.
नाही म्हणाली. मग म्हणाली,
मुलाचं पत्र आलंय.