बत्तीस मिलिमीटर

ऐरोली, सेक्टर आठ. पहाटे पाचला पाणी येतं.
मी शर्ट हनुवटीखाली दाबून बसतो
आणि नर्मदा शिवणाच्या कात्रीने
चकतीचं भोक कापते. बत्तीस मिलिमीटर.
तीस वर्षं ब्लाउजचे गळे कापले तिने,
एकही परत आला नाही.

वाशीच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, नाव ठेवा याला,
ओळख होते.
मी महिनाभर नावंच ठेवली.
बघायचो पंख्याकडे. ती पुसायची.
मग एका सकाळी तिचा हात भाजला
नि मला खाली बघावंच लागलं:
लाल, ओलं, सोललेल्या टोमॅटोसारखं,
चिमटा काढला तरी न दुखणारं,
माझंच, आणि मला न विचारता हलणारं.

सोसायटीत पाटकरांसाठी दोन मिनिटं शांतता होती.
दीड मिनिटाला ते बोललं.
सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.
पाटकर असते तर पहिले तेच हसले असते.
घरी येऊन मी जेवलो नाही.
नर्मदा म्हणाली, दुपारी कांदा कुणी खाल्ला होता?

आता कांदा फक्त रविवारी. मका नाहीच.
पँटची कंबर दोन इंच वर.
रात्री तीनला उठतो, रिकामी करतो,
खाडीपुलावरचे दिवे मोजत हात धुतो.

काल मशीन उशिरापर्यंत चालू होतं.
पिशवीला अभ्रा शिवत होती,
कुणाच्या तरी उरलेल्या खणाचा, काठासकट.
म्हटलं, शर्टाच्या आत कोण बघणार?
दोरा दातांनी तोडत म्हणाली,
उभे राहा. बघू द्या.