वहन आकार

कोशातलं 'सी' हे अक्षर माझ्या वाट्याला आलं
तेव्हा खांबेटे सर म्हणाले होते,
सोपं आहे, दिवाळीपर्यंत उरकेल.
ही दुसरी दिवाळी. मी 'चार्ज'पाशी अडलेय.

कुमठेकर रस्त्यावरची खोली, वर करकरणारा पंखा,
एका रबरबँडात चार्जच्या एकतीस चिठ्ठ्या.
सहाच अर्थ द्या, सर म्हणतात, कागद महागलाय.
लाठीचार्ज वगळा, तो आता मराठीच झाला.
मी आरोप ठेवते, चढाई ठेवते,
प्रभार की कार्यभार
यावर एक अख्खा गुरुवार जातो.

घरी बाबांना एकच अर्थ ठाऊक.
खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं
काडतुसांत दारू भरली त्यांनी.
दारू म्हणजे चार्ज. गुंजभर इकडे नाही, तिकडे नाही.
भिंतीला लावलेला माझा मोबाइल दिसला
की अजूनही विचारतात,
"किती चार्ज भरलास? लांब उभी राहा."

हसायचे मी.
मग एका पहाटे ते मोरीत पडले.

वॉर्डात फिलोमिना सिस्टरनं कागदावरून मान वर न करता विचारलं,
"पेशंटचा चार्ज कुणाकडे?"
मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
माझ्याकडे, म्हटलं,
आणि एकतीसपैकी एकही चिठ्ठी आठवली नाही.

डिस्चार्ज सकाळी अकराला सांगितला,
कागद आला सात वीसला.
मधे बिल: खोलीचा चार्ज, देखरेखीचा चार्ज,
कचऱ्याचासुद्धा चार्ज, तो मी दोनदा वाचला.
बाबा पलंगावर बूट घालून बसलेले,
दर तासाला तोच प्रश्न.
"डिस्चार्ज म्हणजे बार उडाला ना?
मग आवाज कसा नाही झाला?"

रिक्षावाल्यानं साडेनऊलाच नाइट चार्ज मागितला.
भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.
बाबा भांडले. तेव्हा कळलं, बरे आहेत.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
पुनर्विकास होणार म्हणून अकरा वर्षं काही होत नाही.
खालच्या पंक्चरच्या दुकानातून नौशाद खुर्ची घेऊन आला,
प्लॅस्टिकची, एक पाय सुतळीनं बांधलेला.
टपालपेटीत विजेचं बिल होतं, ते मी दातात धरलं,
हात मोकळे हवे होते.

पहिल्या मजल्यावर थांबलो.
नौशादनं घाम पुसला, मी दातातलं बिल काढलं.
स्थिर आकार. वहन आकार.
म्हणजे इथे चार्जला आकार म्हणतात,
सातबाऱ्यावर असतो तोच, सरकारी, जुना.
दर महिन्याला भरते मी हे पैसे,
शब्द आज वाचला.

थोरल्या कोशात चार्जचं मूळ दिलंय: गाडी.
गाडीवर माल लादणे.
आरोप, दारू, वीज, सगळं नंतरचं;
आधी फक्त ओझं, आणि ते नेणारं कुणीतरी.
आजोबांनी भवानी पेठेत गुळाच्या ढेपा ओढल्या जन्मभर,
त्यांचं या शब्दावाचून कधी अडलं नाही.

"चाचा, पाय वर घ्या," नौशाद म्हणाला.
खुर्ची कलंडली. बाबांची बोटं माझ्या मनगटात रुतली.
"सावकाश," ते म्हणाले, अगदी कामावरच्या आवाजात,
"हलवू नका. आत चार्ज आहे."

दुसरा मजला. तिसरा.

रात्री बत्तिसावी चिठ्ठी काढते.
सर ती घेणार नाहीत. तरी अर्थ लिहिते,
उदाहरणाची जागा कोरी ठेवते.
आतून बाबा विचारतात,
"तुझा तो फोन काढलास का भिंतीचा?"
काढला, मी म्हणते.
मग उठून काढते.