सातशे ऐंशीला पाय सोड

ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं
की लोखंडाचा भुगा त्यालाच चिकटतो,
टर्बोच्या पात्यांवर पडत नाही.
दोन वळसे. काढायचं, पुसायचं, पुन्हा ग्रीस.
दुपारभर एवढंच चाललं होतं माझं
चाळीसगावात, धुळे रस्त्याला, पत्र्याखाली.
बाहेर पंचेचाळीस अंश,
आणि मी भोक पाडत होते
त्याहून मोठ्या उन्हाचं माप घ्यायला.

जयपाल गिरासेचा मागचा पिस्टन फळीवर आहे.
मधोमध वितळलाय,
उंदरानं भाकरी कुरतडावी तसा.
रज्जाक मिस्त्री त्यात विड्या विझवतो.
"पाण्याचा काटा तर शेवटपर्यंत मधोमध होता,"
गिरासे अजून सांगतो, फसवल्यासारखा.
होताच.
पाण्याला सगळं उशिरा कळतं.

म्हणून ही तार.
टोकाला दोन वेगळ्या जातीचे धातू,
एका थेंबाएवढ्या डागानं जोडलेले.
तापले की त्यांची कुरबुर सुरू होते,
इतकी बारीक की कानाला कळणार नाही,
पण तेवढ्यावर सुई हलते.

मिस्त्रीला सुई पटत नाही.
त्यानं मला शिकवलं ते अंधारात,
बॉनेट उघडं टाकून, रेस देऊन:
आधी जांभूळ, मग डाळिंबाची साल,
मग गुलमोहर.
गुलमोहर दिसला की पाय काढ, पोरी,
त्याच्यापुढचा रंग मालकाला परवडत नाही.
आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
बॉनेटवर वाकतो, बराच वेळ बघतो,
आणि मलाच विचारतो, कोणता?

कन्नडच्या घाटात गिरासे चालवत होता,
मी शेजारी, मांडीवर पाना, कारण नसताना.
ठरलं होतं: सातशे ऐंशीला पाय सोडायचा.
पहिल्या वळणाला सहाशे.
"ताई, गाडीना जोर दखा!"
सातशे दहा.
तो बूस्टचा काटा बघत होता,
त्या काट्याकडे सगळेच बघतात,
तो कौतुकच सांगतो.
सातशे साठ. चौथ्यातच.
सातशे ऐंशी, मी म्हटलं.
सातशे नव्वद.
गिरासे.
आठशे.
जयपाल!

आठशे दहाला त्यानं पाय काढला,
तिसरा टाकला,
आणि नेमकी तेव्हाच मागून लग्नाची क्रूझर आली,
टपावर कपाट, कपाटाला बांधलेली गादी,
हॉर्नवर गाणं वाजवत
आम्हाला मागे टाकून गेली.
खिडकीतून एका पोरानं हात हलवला.
सुई उतरत होती. सातशे. सहाशे चाळीस.
गिरासेचे कान मात्र चढते.

वर कठड्यापाशी थांबलो.
चावीकडे त्याचा हात गेला, मी धरला.
आत्ता बंद केलीस तर टर्बोतलं तेल
जागच्या जागी जळून कोळसा होईल. थांब.
मग नुसतं बसणं, इंजिन गुरगुरत.
खाली खान्देश धुरकट,
नांगरून पडलेली काळी शेतं,
कुठंतरी एक पत्रा चमकून विझला,
तो माझाच असेल असं उगाच वाटलं.
साडेतीनशे.
तीनशे वीस.
कितीतरी दिवसांनी मी अशी बसले होते,
एक आकडा खाली यायची वाट बघत.

दोनशे साठला मी मान हलवली.
त्यानं चावी फिरवली.
लोखंड टिकटिकत राहिलं.
"ताई," बाटलीतलं अर्धं पाणी पिऊन तो म्हणाला,
"मोठे इंजेक्टर टाकू या का?"

मी उतरून मिस्त्रीला फोन लावला.
किती गेला?
आठशे दहा.
पलीकडे जरा वेळ शांत.
विडी ओढल्याचा आवाज,
मग ती पिस्टनमध्ये विझवल्याचा.

"गुलमोहर," तो म्हणाला.
"चांगला फुलला होता का गं?"